बिनकामाचं चालणं

(बाळापूर येथे महिला मंडळे व बचत गटांच्या तालुका मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन.)



संयोजकांनी मला 'स्त्री आणि आरोग्य' या विषयावर बोलायला सांगितलं आहे. रक्त, लोह, तपासण्या यांच्याबद्दल मी बोलणारच आहे. पण या विषयाकडे मी ज्या वाटेनं आले ती वाट आधी सांगते. गेल्या जानेवारीत मी आणि माझी एक मैत्रीण, आम्ही दोघींनी आयुष्यातली पहिली अर्ध मॅरेथॉन पूर्ण केली. धावून नव्हे, चालून. तीन तास बावन्न मिनिटं लागली.

अर्ध मॅरेथॉन म्हणजे २१ किलोमीटर आणि वर साधारण ९७ मीटर. इथून अकोला सव्वीस किलोमीटर धरा. बाळापूरहून पायी निघालो, व्याळा मागं टाकलं आणि अकोला पाचेक किलोमीटर उरलं, की तेवढं अंतर होतं. आता तुम्ही म्हणाल, यात स्त्रीमुक्तीचा काय संबंध? दोन बाया चालल्या, बरं झालं, वजन उतरलं असेल! संबंध आहे. तोच मांडायला मी उभी आहे.

माझी मैत्रीण अंगणवाडी सेविका आहे. तिचं नाव मी सांगणार नाही. तिनंच तशी अट घातली आहे, आणि ती का घातली ते पुढं येईलच.

मागच्या पावसाळ्यात एका आरोग्य शिबिरात तिची तपासणी झाली. रक्तातली साखर काठावर आणि हिमोग्लोबिन ८.९. डॉक्टर म्हणाले, "गोळ्या घ्या आणि रोज तासभर चाला." ती म्हणाली, "डॉक्टरसाहेब, दिवसभर चालूनच तं रायली मी. सर्वे कोन करते? गरोदर बायांच्या घरी कोन जाते?" डॉक्टर म्हणाले, "ते काम झालं. कामाशिवाय चाला." बाहेर आल्यावर तिनं मला विचारलं, "कामाशिवाय? आन् रस्त्यात कोनी इचारलं कुठी चालली, तं काय सांगू वं?"

हा प्रश्न मला त्या दिवशी गमतीचा वाटला. रात्री अंथरुणावर पडल्यावर लक्षात आलं की समाजकार्याच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात इतका नेमका प्रश्न मला कुणी विचारला नव्हता.

आपल्याकडे बाईला चालायला कुणी मना केलेलं नाही, उलट चालणं हेच तिचं काम आहे. पाण्याला जा, सरपणाला जा, वावरात जा, निंदणाला जा, कापूस वेचायला जा. दळण, बाजार, दवाखाना, रेशनचं दुकान, पोराची शाळा, सगळीकडं तीच चालते. देवासाठीही चालते. आपल्या भागातून शेगावला पायी जाणाऱ्या बाया तुम्ही पाहता, तुमच्यातल्या कितीजणी गेल्याही असतील. गजानन महाराजांची पालखी पंढरपूरला निघते तेव्हा पारसवरून अकोल्याकडं जाताना किती बाया सोबत चालत येतात! तिथं कुणी विचारत नाही, कुठी चालली. मोर्चातही बाई चालते. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईला शेतकऱ्यांचा लाँग मार्च गेला. साधारण १८० किलोमीटर, सहा दिवस. त्यात आदिवासी बाया होत्या, सोललेल्या तळपायांचे त्यांचे फोटो सगळ्या देशानं पाहिले.

म्हणजे घरासाठी चाल, मालकासाठी चाल, देवासाठी चाल, हक्काच्या जमिनीसाठी चाल. पण संध्याकाळी पाचला उंबऱ्याबाहेर पडून, कुणासाठीही नाही, कशासाठीही नाही, नुसतं मला वाटलं म्हणून चालणं, हे आपल्या गावात बाईनं करून पाहावं! किल्ल्याखाली, मन आणि म्हैस नद्यांच्या संगमाकडं, बसस्थानकासमोर, संध्याकाळी किती पुरुष नुसते उभे असतात ते एकदा मोजा. त्यांच्या हातात पिशवी नसते, त्यांना काम नसतं, त्यांना कुणी काही विचारतही नाही. मग तेवढ्याच वेळात तिथं नुसत्या उभ्या असलेल्या बाया मोजा. मुंबईत शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे या तिघींनी याच प्रश्नावर संशोधन करून २०११ मध्ये 'व्हाय लॉइटर?' हे पुस्तक लिहिलं. सार्वजनिक जागेत बाई असते ती कुठून तरी कुठं तरी जाताना, काहीतरी कारण दाखवत. उगाच रेंगाळण्याचा हक्क तिला नाही, आणि तोच मागायला हवा, असं त्यांचं म्हणणं. मुंबईत हे असेल तर बाळापूरची काय कथा!

आम्ही चालायला सुरुवात केली ती ऑक्टोबरमध्ये. पहिले पंधरा दिवस मैत्रीण हातात कापडी पिशवी घेऊन यायची. पिशवी रिकामी. मी विचारलं, ही कशाला? म्हणाली, "असू दे. पिशवी असली म्हनजे कोनी काई इचारत नाई." खरंच होतं ते. पिशवी पाहिली की लोक समजायचे, बाई बाजारात चालली. एकदा ती पिशवी विसरली, तर एका गल्लीत तिघांनी विचारलं, "कुठी चालल्या, बाई?" तिसऱ्याला ती म्हणाली, "कुठीच नाई. चालून रायलो." तो माणूस बघतच राहिला. त्यानंतर पिशवी घरी राहिली.

हे मी सोपं करून सांगते आहे. सोपं नव्हतं. शहरात चालून अंतर भरेना म्हणून आम्ही पहाटे पारसच्या रस्त्याला जाऊ लागलो. तिथं चार दिवस एक मोटारसायकल आमच्या मागं हळूहळू येत राहिली. काही बोलायचा नाही, फक्त मागं. पाचव्या दिवशी मैत्रिणीच्या घरात चर्चा झाली, आणि ठराव काय झाला? चालणं बंद. त्या मोटारसायकलवाल्याचं येणं बंद करावं हे कुणाच्या मनात आलं नाही. आपल्याकडं सुरक्षिततेचा अर्थच हा : बाईला घरात ठेवणे.

आम्ही दुसरा उपाय केला. आणखी बाया गोळा केल्या. शिकवणीवाली एक, शिवणकाम करणाऱ्या दोघी, एका मुलीची आई, भाजीवाली, बुरख्यात चालणाऱ्या दोघी बहिणी. डिसेंबरात आम्ही नऊजणी झालो. मोटारसायकल पुन्हा दिसली नाही. एक बाई रस्त्यावर चालली तर ती 'सापडते', नऊजणी चालल्या तर रस्ता त्यांचा होतो, हे तेव्हा डोळ्यांनी पाहिलं. संघटनेबद्दल आपण इतकी वर्षं बोलतो, तिचा इतका साधा पुरावा मला दुसरीकडं मिळाला नव्हता.

आता एक अवघड प्रश्न. आमच्या वस्तीत एक वयस्क मजूर बाई आहेत. आम्हाला चालताना पाहून त्यांनी हटकलं, "आमी जनमभर चाललो वं बाई, वावर आन् घर, घर आन् वावर. आमाले कोनं पदक देल्लं?" याला उत्तर काय द्यायचं? त्या बाईंचा मुद्दा रास्त आहे. चालणं हा 'व्यायाम' होतो तो ज्यांचं पोट चालण्यावर अवलंबून नाही त्यांच्यासाठी. दिवसभर वाकून कापूस वेचलेल्या बाईला "रोज तासभर चाला" म्हणणं हा तिच्या कष्टांचा अपमान आहे. त्या शर्यतीची नोंदणी फी अकराशे रुपये होती, म्हणजे शेतमजूर बाईची चार दिवसांची मजुरी. हे विसरून आपण आरोग्याच्या गप्पा मारू नयेत.

पण त्याच बाई एका रविवारी आमच्याबरोबर आल्या. एक किलोमीटर चालल्या, मग पुलाच्या कठड्याशी बसल्या आणि म्हणाल्या, "बिनकामाचं चालनं लय जड जाते वं." मी विचारलं, पाय दुखतात का? म्हणाल्या, "पाय नाई. जिवाले कसंतरीच वाटते. कोनाचं तरी काम चुकवून आल्यासारखं." सत्तरीला आलेल्या बाईला एक तास स्वतःचा घेतला तर चोरी केल्यासारखं वाटतं! वावरात चालताना तिचे पाय तिचे नसतात, मजुरीचे असतात. कामाचं चालणं आणि बिनकामाचं चालणं यांत फरक आहे तो इथं.

आणि हा तास येतो कुठून? सरकारनंच मोजलेले आकडे पाहा. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाची २०१९ ची वेळ वापर पाहणी सांगते की घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बाईची त्या कामात दिवसाला २९९ मिनिटं जातात, आणि असं काम करणाऱ्या पुरुषाची ९७. पुन्हा २०२४ मध्ये मोजलं, तेव्हा बाईची २८९ मिनिटं निघाली. पाच वर्षांत दहा मिनिटं सुटली. पुरुषांनी ती दहा मिनिटं उचलली म्हणाल, तर त्यांचीही ९७ वरून ८८ झाली!

आमच्या सरावाला आठवड्याला सहा-सात तास लागत होते. चार दिवस एकेक तास आणि रविवारी दोन-अडीच तास. मैत्रिणीच्या घरी रविवारचा प्रश्न मोठा होता. सकाळचा चहा, सासऱ्यांचं पाणी, नाश्ता. तिनं सतरा वर्षांच्या मुलाला खिचडी शिकवली. पहिल्या रविवारी खिचडी करपली, दुसऱ्या रविवारी जमली. सासूबाई तिसऱ्या रविवारपर्यंत बोलत होत्या. लोक म्हणतात, मुलानं किती मदत केली! मदत कसली? खिचडी तोही खातोच ना?

चालणं सुरू झाल्यावर शर्यतीचं कुणाच्या डोक्यात आलं? मैत्रिणीच्याच. तिनं मोबाइलवर जाहिरात पाहिली : पाच किलोमीटर, दहा किलोमीटर, एकवीस किलोमीटर. मी म्हटलं, पाच करू. ती म्हणाली, "पाच तं मी सर्वेतच चालतो. एकवीस करू." तेव्हा मी जरा वाचन केलं, आणि लांबचं अंतर नि बाई यांचा इतिहास पाहून थक्क झाले.

१९२८ मध्ये ॲमस्टरडॅमच्या ऑलिंपिकमध्ये बायकांची ८०० मीटरची शर्यत पहिल्यांदा ठेवली. शर्यत संपल्यावर काहीजणी दमून खाली बसल्या. पुरुषही दमतात, पण बायका दमल्या म्हटल्यावर गहजब झाला. बायकांच्या प्रकृतीला हे सोसत नाही, असं म्हणून ती शर्यतच काढून टाकली, आणि ती परत आली १९६० मध्ये, बत्तीस वर्षांनी. अमेरिकेत बोस्टनची मॅरेथॉन जुनी. १९६६ मध्ये बॉबी गिब हिला प्रवेश नाकारला, तर ती सुरुवातीच्या जागेजवळ झुडपात लपून राहिली आणि पुरुषांच्या घोळक्यात शिरून पूर्ण अंतर धावली. पुढच्या वर्षी कॅथरीन स्विट्झरनं के. व्ही. स्विट्झर असं नाव लिहून क्रमांक मिळवला. ती बाई आहे हे लक्षात आल्यावर शर्यतीचा एक अधिकारी धावत रस्त्यात आला आणि तिचा क्रमांक ओढून काढू लागला. तरी तिनं शर्यत पुरी केली. बोस्टननं बायकांना अधिकृत प्रवेश दिला १९७२ मध्ये. ऑलिंपिकमध्ये बायकांची मॅरेथॉन आली १९८४ ला. चालण्याच्या शर्यतीचंही तेच. पुरुषांची ऑलिंपिकमध्ये विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून, बायकांची १९९२ पासून, तीही १० किलोमीटर. २००० मध्ये ती २० झाली. पुरुषांना ५० किलोमीटर चालायला मिळत होतं, बायकांना ऑलिंपिकमध्ये ते अंतर कधीच मिळालं नाही.

हे परदेशातलं म्हणून सोडू नका. १९३० मध्ये गांधीजी साबरमतीहून दांडीला निघाले तेव्हा निवडलेल्या सत्याग्रहींत एकही बाई नव्हती. कमलादेवी चट्टोपाध्याय यांनी गांधीजींना गाठून बायकांना सत्याग्रहात घ्या असा आग्रह धरला. पुढं त्या लढ्यात बायका हजारोंनी उतरल्या, हे आपण जाणतो. पण सुरुवातीला मिठासाठीसुद्धा बाईला चालू द्यायचं की नाही हा प्रश्न होता, आणि तो एका बाईला मांडावा लागला.

'बाईला झेपणार नाही' म्हणणारे लोक कुठल्या बाईबद्दल बोलतात? डोक्यावर दोन हंडे घेऊन जाणाऱ्या बाईला झेपतं की नाही हे कुणी तपासत नाही. पाणी आणताना झेपतं, पदक आणताना झेपत नाही!

इथं एका बाईची आठवण काढायला हवी. लता भगवान करे. मूळच्या आपल्या शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या, मजुरीसाठी बारामतीकडं गेलेल्या. नवरा आजारी पडला. मोठी तपासणी सांगितली आणि पैसे नव्हते. बारामतीच्या मॅरेथॉनमध्ये ज्येष्ठांसाठी तीन किलोमीटरची शर्यत होती, बक्षीस होतं. साठी ओलांडलेल्या लताबाई नऊवारी नेसून अनवाणी धावल्या आणि पहिल्या आल्या. पुढची वर्षंही जिंकल्या. त्यांच्यावर २०२० मध्ये त्यांच्याच नावाचा मराठी चित्रपट आला, त्यात त्यांनी स्वतः काम केलं, आणि राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्याचा विशेष उल्लेख झाला. आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. वाजवायलाच हव्यात. पण टाळ्या वाजवताना हेही विचारायला हवं की नवऱ्याच्या तपासणीसाठी साठीतल्या बाईला डांबरी रस्त्यावर अनवाणी धावावं का लागतं? आणि दुसरं : लताबाईंच्या धावण्याचं कौतुक झालं कारण ते नवऱ्यासाठी होतं. त्या म्हणाल्या असत्या, "मला धावायला आवडतं म्हणून धावले," तर त्याच लोकांनी तितक्याच टाळ्या वाजवल्या असत्या का? याचं उत्तर ज्याचं त्यानं मनाशी द्यावं.

आता शर्यतीचा दिवस. शहराचं आणि आयोजकांचं नाव मी घेत नाही, कारण जे तिथं पाहिलं ते बहुतेक ठिकाणी थोड्याफार फरकानं असणार. आम्ही आदल्या रात्रीच जाऊन राहिलो. पहाटे साडेपाचला सुरुवात, हाडं गोठवणारी थंडी. सुरुवातीच्या जागेवर फिरती शौचालयं होती, बायकांची वेगळी म्हणून दोन. पुढं एकवीस किलोमीटरमध्ये एकही नाही. पुरुष रस्त्याच्या कडेला उभे राहत होते. बायका काय करत होत्या? पाणी पीत नव्हत्या. पाण्याच्या टेबलापाशी जाऊन ओठ ओले करून पुढं जाणाऱ्या किती मुली मी पाहिल्या! शाळेत, कचेरीत, एस. टी. च्या प्रवासात बाया जे करतात तेच. आमच्याबरोबर चालणाऱ्या एका कॉलेजच्या मुलीला पाळी आली होती. तिच्यासाठी आम्ही एका घराचं दार वाजवलं. त्या घरातल्या बाईनं काही न विचारता आत घेतलं. तिला मी इथून नमस्कार करते.

पंधरा किलोमीटरपर्यंत आमचं छान चाललं होतं, गप्पा मारत. मग मैत्रिणीच्या अंगठ्याला फोड आला. मागून एक गाडी आली. त्यातला माणूस म्हणाला, "ताई, बसा गाडीत. साडेतीन तासांत तुमचं होत नाही." हिशेब बरोबर होता. एकवीस किलोमीटर साडेतीन तासांत करायचे तर ताशी सहा किलोमीटरचा वेग सतत ठेवावा लागतो, आमचा साडेपाचच्या आसपास होता. मैत्रीण म्हणाली, "भाऊ, तुमी वेळ मोजा. आमी रस्ता मोजतो." गाडी गेली. त्यानंतर पाण्याची टेबलं उचललेली होती. रस्ता वाहतुकीला मोकळा केला होता. शेवटचे तीन किलोमीटर आम्ही ट्रक आणि ऑटोंच्या कडेनं चाललो.

पोचलो तेव्हा मांडव सोडत होते. घड्याळ बंद केलं होतं, तीन तास बावन्न मिनिटं ही माझ्या हातावरच्या घड्याळाची वेळ. प्रमाणपत्र नाही म्हणाले. एक स्वयंसेवक मुलगी, विशीतली असेल, तिनं बांधलेलं खोकं पुन्हा उघडलं, दोन पदकं काढली आणि आमच्या गळ्यात घातली. मैत्रीण तिथं रस्त्यावर बसली आणि हसत सुटली. तिला इतकं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं.

तिचं पदक माझ्या घरच्या कपाटात आहे. तिच्या सासरी आजही हे माहीत नाही. त्या दोन दिवसांसाठी 'ऑफिसचं प्रशिक्षण आहे' असं सांगून ती निघाली होती. रोज चालण्याला घरानं मान्यता दिली ती 'साखर आहे' म्हणून. आजार हे कारण चालतं, काम हे कारण चालतं. 'मला जायचं होतं' हे अजून चालत नाही. म्हणून मी तिचं नाव घेत नाही. घरात भांडण नको हा तिचा निर्णय आहे आणि तो मला मान्य आहे. कुणी किती आणि कधी लढायचं हे जिचं तिनं ठरवायचं असतं.

परत आल्यावर आम्ही नऊजणींच्या सह्यांनी आयोजकांना पत्र लिहिलं. चालणाऱ्यांसाठी चार तासांची मुदत द्या आणि त्यांना अर्धा तास आधी सोडा. वाटेत दर पाच किलोमीटरला बायकांसाठी शौचालय आणि पॅड ठेवा. शेवटची बाई पोचेपर्यंत पाणी आणि रस्ता उचलू नका. आणि मजूर बाया, आशा, अंगणवाडीच्या बाया यांना फी माफ करा. उत्तर अजून आलेलं नाही. आम्ही दुसरं पत्र पाठवणार आहोत.

आता आरोग्याचं, थोडक्यात पण नीट सांगते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २१ मध्ये, देशातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या ५७ बाया रक्तक्षयाच्या निघाल्या, महाराष्ट्रात ५४. गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन १२ तरी हवं. म्हणून चालायला लागण्याआधी रक्त तपासा. साखर आणि रक्तदाबही बघा. गोळ्या चालू असतील तर किती चालायचं ते डॉक्टरांना विचारा. लोहाच्या गोळ्या चहाबरोबर घेऊ नका, चहानं लोह अंगी लागत नाही, लिंबूपाण्याबरोबर घ्या. मैत्रिणीनं तीन महिने नेमानं गोळ्या घेतल्या, ८.९ चं ११.२ झालं. अजून गोळ्या चालू आहेत. फक्त चालून रक्त वाढत नाही, हेही लक्षात ठेवा. आधी ताटात पडायला हवं.

पहिल्या आठवड्यात तीन किलोमीटर पुरे. दर आठवड्याला थोडं थोडं वाढवा, एकदम नको. एकवीस चालायचे असतील तर आधी एकदा तरी सोळा-सतरा किलोमीटर झालेले असावेत. बूट अर्धा अंक मोठा घ्या, लांब चालल्यावर पाय सुजतो. बोटांना खोबरेल तेल लावा, फोड कमी येतात. साडीवर चालायचं तर साडीवर चाला, लताबाई धावल्या. पण पदर-ओढणी नीट बांधा. हमरस्त्यावर उजव्या कडेनं चाला, म्हणजे समोरून येणारी गाडी दिसते. पाणी तोडू नका. साखर-मिठाचं लिंबूपाणी बाटलीत ठेवा. आणि आपला वऱ्हाडातला उन्हाळा विसरू नका. अकोल्याला मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. मार्चनंतर चालायचं ते सूर्य उगवण्याच्या आत.

शेवटी तुमच्या मंडळांना आणि गटांना एवढंच सुचवते. प्रत्येक गावात आठवड्यातून एक दिवस, एक तास, बायांनी मिळून चालावं. बैठक नको, वर्गणी नको, व्याख्यान नको. वाटेत काय आडवं येतं ते वहीत लिहून ठेवावं : कुठं दिवा नाही, कुठं शौचालय नाही किंवा त्याला कुलूप आहे, कुठं टोळकं बसतं, कुठं बसायला एक बाक नाही. तीन महिन्यांनी ती वही घेऊन ग्रामपंचायतीत जा, नगर परिषदेत जा. पायांनी तपासलेला अर्ज कुणाला सहजी फेकून देता येत नाही. आणि कुणी विचारलं, कुठी चालल्या, तर सगळ्याजणींनी एकच उत्तर द्यावं : "कुठीच नाई."

आम्ही नऊजणी दर रविवारी पहाटे साडेपाचला पारस फाट्यावर भेटतो. ज्यांना जमेल त्यांनी यावं. पिशवी घरी ठेवून यावं.